मावळ्याला चहा

पहिल्या वर्षी घोटाळा शब्दापासूनच झाला. वर्गात सांगितलं, ‘‘शनिवारी चित्रं रंगवायची आहेत, सामान घेऊन या.’’ दिवाळीच्या किल्ल्यावर ठेवायचे मावळे, गवळणी, तोफा या सगळ्यांना पुण्यात सरसकट ‘चित्रं’च म्हणतात. मला ते इतकं अंगवळणी पडलेलं की दुसरा अर्थ सुचलाच नाही. शनिवारी सहावीतली निम्मी मुलं ड्रॉइंगची वही आणि तेलखडू घेऊन हजर! त्यांची घरं मराठवाड्यातली, खानदेशातली. चित्र म्हणजे कागदावरचं, आणि त्यांचं काही चुकलं नव्हतं.

मी शाळेत चित्रकला शिकवते, पण ही विद्या मला आर्ट टीचरच्या कोर्सात मिळालेली नाही. ती भाच्याकडून उचलली. त्याला वॉरहॅमरचा नाद आहे. नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉप कंपनीनं १९८३मध्ये आणलेला हा टेबलावरच्या लढाईचा खेळ. सैनिक इंचभर उंचीचे, आणि विकत मिळतात ते करडे, बिनरंगाचे. रंगवायचे ज्याचे त्यानं. इंग्रजांना हे वेड जुनंच. एच. जी. वेल्सनं तर १९१३ साली खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईचे नियम पुस्तक करून छापले होते. भाच्याच्या टेबलाशी तासभर बसले आणि वाटलं, हे आपले मावळेच की, फक्त आपले अंगापिंडानं मोठे.

मुलांना दिसतो तो शनिवार. शुक्रवारी संध्याकाळचं कुणाला दिसत नाही. कुंभारवाड्यातून आणलेली कच्ची चित्रं प्लास्टरची असतात. साच्याचे दोन भाग जुळतात तिथे अंगावरून एक रेघ जाते, ती पॉलिश पेपरनं घासायची. कोरडं प्लास्टर रंगातलं पाणी लगेच ओढून घेतं, ब्रश पुढे सरकतच नाही. म्हणून आधी फेव्हिकॉलच्या पाण्याचा एक हात, तो वाळला की पांढऱ्या रंगाचं अस्तर. मग प्रत्येक मावळा बाटलीच्या झाकणावर चिकटवायचा. मुलांनी झाकण धरायचं, मावळ्याला बोट लावायचं नाही. ही भाच्याचीच युक्ती. झाकणं मी वर्षभर जमवते. स्टाफरूममध्ये कुणाची पाण्याची बाटली रिकामी झाली की झाकण न सांगता माझ्या टेबलावर येतं.

रंगकामाचा नियम एकच, आणि तो पाळताना मुलांचा जीव जातो: एक जाड हात नको, दोन पातळ द्या. ‘‘बाई, खालचं पांढरं दिसतंय.’’ दिसू दे. ‘‘बाई, अजून दिसतंय.’’ वाळू दे! आधी चेहरा आणि हात, मग अंगरखा, मग शेला, शेवटी तलवार. आतून बाहेर यायचं. सांगून काही उपयोग नसतो. पहिला ब्रश पगडीलाच लागतो.

पण वर्गात रडारड होते ती वॉशच्या वेळी. पोरांनी दीड तास खपून मावळा स्वच्छ, झकपक केलेला असतो आणि मी तपकिरी पाण्याची वाटी घेऊन येते. हे सगळ्या अंगावर फिरवा म्हणते. एका मुलीनं मावळ्यावर पंजाच धरला. ‘‘नको बाई, घाण होईल.’’ होतेच. पहिली दहा मिनिटं तो चिखलात घसरून पडल्यासारखा दिसतो. मग ते पाणी चुण्यांमध्ये, बोटांच्या फटींत, मिशीखाली उतरून बसतं. वाळल्यावर जवळजवळ कोरड्या ब्रशनं उंचवट्यांवर फिका रंग नुसता घासायचा, की अंगरख्याच्या घड्या उठून येतात. ती मुलगी बराच वेळ मावळ्याकडे बघत राहिली. नंतर गवळण घेऊन आली. ‘‘हिलाही घाण करा.’’

एका वर्षी शिपाईमामांनी माझा चहा नेमका त्या वाट्यांशेजारी ठेवला. दोन मावळ्यांना वॉश म्हणून चहा लागला. रंग झकास आला होता, खोटं का बोला. सोमवारी शाळेत आले तर कपाटात त्या दोघांभोवती मुंग्यांचा वेढा.

डोळे सगळ्यात शेवटी. पेणचे गणपतीवाले या कामाला आखणी म्हणतात आणि ते कसलेल्या हाताकडेच देतात. आमच्याकडे बारा वर्षांचे हात. पांढऱ्यावर मधोमध गोल काळा ठिपका दिला की मावळा भूत पाहिल्यासारखा दिसतो. त्यापेक्षा ठिपका वरच्या पापणीला टेकवावा, नजर ठरते. कोपर टेबलावर, दोन्ही मनगटं एकमेकांना टेकलेली. श्वास कोंडायचा नाही. एकाला त्यापायी चक्कर आली होती. दुसऱ्या एकानं तीनदा पुसून शेवटी मिटलेले डोळेच काढले. विचारलं तर म्हणाला, ‘‘रात्रभर पहारा दिलाय बाई, आत्ताच टेकलाय.’’ मी त्याला पैकीच्या पैकी दिले.

आता माझ्या हातून झालेला गुन्हा. दुसऱ्या वर्षी कपाटात पोस्टर कलर पडून होते, तेच वापरले. वर वार्निश नाही. पोस्टर कलर वाळला तरी पाणी लागताच पुन्हा सुटतो, हे मला माहीत होतं. किल्ल्यावर अळीव पेरतात आणि तो उगवावा म्हणून पोरं सकाळ-संध्याकाळ पाणी मारतात, हेही माहीत होतं. या दोन गोष्टी एकत्र काही डोक्यात आल्या नाहीत. सुट्टीनंतर एक मुलगा कागदात गुंडाळलेला मावळा घेऊन आला. चेहरा पांढराफटक, पगडीचा केशरी रंग ओघळून कमरेपर्यंत. ‘‘बाई, किल्ला शाबूत आहे. सैन्य गेलं.’’

तेव्हापासून अ‍ॅक्रिलिक रंग आणि वर बिनचकाकीच्या वार्निशचे दोन हात, तळालासुद्धा; तळ उघडा राहिला तर प्लास्टर खालून पाणी पितं. तुमच्या घरी यंदा रंगवलेली चित्रं बाजारातून आणली असतील, तर ओल्या बोटानं तळाशी जरा घासून बघा. बोटाला रंग आला तर अळिवावर पाणी हातानं शिंपडा, आणि पिचकारी महाराजांच्या सिंहासनापासून लांब ठेवा.