वक्ष : मनुष्याचा आणि कीटकाचा

‘वक्ष’ हा शब्द मनुष्य व कीटक या दोहोंसही लावतात. कार्य मात्र भिन्न.

आपल्या छातीत पाठीचा कणा, उरोस्थी व बरगड्यांच्या 12 जोड्या मिळून एक पिंजरा होतो. त्यात हृदय व फुप्फुसे सुरक्षित असतात. तळाचे श्वासपटल खाली सरकले, की हवा आत शिरते.

झुरळाला बरगड्या नाहीत, फुप्फुसेही नाहीत. त्याच्या वक्षाचे खंड 3. प्रत्येकास पायांची एक जोडी, मागील दोहोंस पंखांचीही. आत मुख्यत्वे त्यांना हालविणारे स्नायू असतात. हवा शरीराच्या दोन्ही बाजूंवरील रंध्रांतून शिरते. त्यामुळे शिर तुटले तरी त्याचा श्वास थांबत नाही व ते काही दिवस जगू शकते.

विद्यार्थिमित्रहो, आपली छाती हे श्वासाचे घर, तर कीटकाचा वक्ष हे गतीचे यंत्र होय!