गव्हाच्या शेतातून आकाशाचे मोजमाप

माघातील रात्र निरभ्र असली म्हणजे पहाटे पारा झपाट्याने उतरतो व द्राक्षवेलीस थंडी बाधते. तीच रात्र ढगाळ असली तर गारठा कमी राहतो, हे बागायतदारास सांगावे लागत नाही. दिवसा तापलेली जमीन आपली उष्णता अदृश्य किरणांच्या रूपाने आकाशाकडे टाकीत असते. हवेतील बाष्प व ढग त्यांतील बराच भाग शोषून घेतात आणि काही भाग पुन्हा जमिनीकडे धाडतात. किरणांच्या वाटे होणाऱ्या या देवघेवीस प्रारण असे म्हणतात. मॉन्सूनचा हंगामी अंदाज असो की पन्नास वर्षांनंतरच्या हवामानाचा आडाखा असो, तो ज्या गणिती प्रतिमानांवरून बांधला जातो त्यांच्या मुळाशी या देवघेवीचा जमाखर्च असतो.

हा जमाखर्च फार काटेकोर असावा लागतो. साऱ्या पृथ्वीची वर्षभराची सरासरी काढली तर आकाशाकडून उष्णताकिरणांच्या रूपाने पृष्ठभागास दर चौरस मीटरला सुमारे ३४० वॅट मिळतात. हवेतील कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यास पृथ्वीच्या ताळेबंदात पडणारा फरक मात्र सुमारे ४ वॅटांचाच असतो. म्हणजे आकडेमोडीत शेकडा एकाची चूक राहिली तरी जे शोधावयाचे तेच त्या चुकीत बुडून जाते. १९८० नंतरच्या दशकात निरनिराळ्या देशांतील प्रतिमानांची प्रारणाची आकडेमोड शेजारी ठेवून पाहण्यात आली, तेव्हा एकाच हवेसाठी वेगवेगळी उत्तरे येत असल्याचे आढळले. त्यांपैकी खरे कोणते हे ठरविण्यास तितके काटेकोर मोजमापच उपलब्ध नव्हते.

ही उणीव भरून काढण्यासाठी अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने एक दीर्घ मुदतीची योजना हाती घेतली आणि १९९२ साली ओक्लाहोमा राज्यात लामोंट गावाजवळ तिचे पहिले केंद्र सुरू केले. हे ठिकाण म्हणजे १६० एकरांची गव्हाची शेते व गुरांची कुरणे. तेथे दिवसातून अनेकदा उपकरणे बांधलेले फुगे सोडतात, लेसर किरणाने निरनिराळ्या उंचीवरील बाष्प मोजतात, आणि आकाशातून उतरणारे उष्णताकिरण तरंगलांबीवार वेगळे करून त्यांची नोंद ठेवतात.

आरंभी असा समज होता की फुग्याने बाष्प मोजावे, त्यावरून प्रतिमानाने उष्णताकिरण काढावेत आणि ते प्रत्यक्षाशी ताडून पाहावेत, म्हणजे काम झाले. परंतु अडचण निघाली ती फुग्यातच. १९९४ ते २००० या काळातील हजारो तुलनांत असे दिसून आले की तेथे वापरात असलेली फुग्यावरील उपकरणे हवेतील बाष्प सरासरीने सुमारे ५ टक्के कमी दाखवितात; आणि एका उपकरणाचा आकडा दुसऱ्याशी जुळत नाही, कधी कधी फरक २५ टक्क्यांहूनही अधिक पडतो. यामागील एक कारण तर अगदीच साधे होते. उपकरण ज्या वेष्टनात बांधून येई, त्या वेष्टनातून निघणाऱ्या वाफा ओलावा मोजणाऱ्या पापुद्र्यावर बसत व त्याची संवेदनशीलता कमी करीत. धान्याचा ओलावा मोजणारे यंत्रच बिघडलेले असेल तर कोठारातील माल कितीही चांगला असून काय उपयोग? यावर काढलेला तोडगा मात्र व्यवहारी होता. कोणत्या उंचीवर बाष्पाची वाटणी कशी आहे एवढे फुग्यावरून घ्यावयाचे, आणि एकूण बाष्पाचा आकडा जमिनीवरील सूक्ष्मतरंग उपकरणाचा धरावयाचा.

बाष्पाचा आकडा भरवशाचा झाल्यावर प्रारणाच्या गणितातील दोष उघडे पडू लागले. बाष्प सर्वच किरण सारखे शोषीत नाही. असंख्य ठरावीक तरंगलांबींवर ते जोरकस शोषण करते व मधल्या जागांतही थोडेथोडे शोषीत राहते. हे मधले मंद शोषण किती, हे ताडून गणितात दुरुस्त्या करण्यात आल्या. उष्णताकिरणांतील अतिलांब तरंगलांबींचा भाग सखल प्रदेशात मोजता येत नाही, कारण जमिनीलगतचे दमट हवामानच त्याला गिळून टाकते. त्यासाठी २००९ साली चिलीतील आताकामा वाळवंटात सुमारे ५,३०० मीटर उंचीवर, जेथील हवा अतिशय कोरडी असते, उपकरणे चढवावी लागली.

असंख्य तरंगलांबींचे गणित प्रत्येक ठिकाणी व प्रत्येक प्रहरी करणे मोठ्या संगणकासही झेपत नाही. येथे आणेवारीची आठवण व्हावी. गावातील प्रत्येक शेताची कापणी करून पीक मोजीत नाहीत, निवडलेल्या तुकड्यांवरून अंदाज काढतात. त्याचप्रमाणे ज्या किरणांचे शोषण जवळजवळ सारखे ते एका वर्गात घालावयाचे आणि दर वर्गातील एक नमुना मोजावयाचा, अशी पद्धत १९९७ साली प्रसिद्ध झाली. उष्णताकिरणांचे तीत १६ पट्टे पाडलेले आहेत. २००० साली युरोपच्या मध्यम मुदतीच्या हवामान अंदाज केंद्राने ती स्वीकारली. भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने, म्हणजे पुण्याच्या संस्थेने, मॉन्सून मिशनसाठी घेतलेल्या अमेरिकी प्रतिमानातही हीच पद्धत आहे; आणि भारतीय हवामानशास्त्र विभागाने २०२१ साली हंगामी अंदाजासाठी अनेक प्रतिमानांचा जो समूह स्वीकारला, त्यात या प्रतिमानाचा समावेश करण्यात आला. जूनमधील पेरणीचा विचार करताना शेतकरी जो अंदाज ऐकतो, त्यात लामोंटच्या गव्हाच्या शेतातील मोजमापाचा असा वाटा आहे.

हवेत तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांचा प्रश्न याहून अवघड. धूळ, धूर, काजळी व गंधकाचे कण सूर्यप्रकाश विखुरतात. काजळीसारखे काही कण तो शोषून हवाही तापवितात. निरभ्र दिवशी आकाशातून विखरून येणारा प्रकाश प्रतिमाने प्रत्यक्षापेक्षा अधिक दाखवीत, आणि १९९० नंतर बरीच वर्षे यावर वाद चालला. कित्येकांनी त्यावरून प्रतिमानांसच दोष दिला. पुढे लक्षात आले की प्रकाशमापकाची काचेची घुमटी थंड आकाशाकडे उष्णता टाकून निवते व आकडा घटतो. रात्री, सूर्य नसताना, तेच उपकरण शून्याहून कमी प्रकाश दाखवी! हा पुरावा रोज रात्री डोळ्यांसमोर होता. ही खोट दुरुस्त करून व कणांचे शोषण नीट मोजून मे २००३ मध्ये लामोंट येथे पुन्हा तुलना झाली. तेव्हा थेट सूर्यकिरणांतील फरक सुमारे एक टक्का व विखुरलेल्या प्रकाशातील फरक दोन टक्क्यांहून कमी राहिला. गंगेच्या खोऱ्यातील धूरकणांसाठी याच योजनेची उपकरणे जून २०११ ते मार्च २०१२ या काळात नैनिताल येथे बसविलेली होती.

या चिकाटीचे फळ २०१५ साली दिसले. ओक्लाहोमा व अलास्का येथील नोंदींवरून, २००० ते २०१० या दहा वर्षांत कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे जमिनीवर उतरणारे उष्णताकिरण दर चौरस मीटरला सुमारे ०.२ वॅटने वाढल्याचे सिद्ध झाले. त्याच नोंदींत दरवर्षी वसंतात पिके व रानातील झाडोरा वाढू लागला की हा आकडा किंचित उतरताना दिसतो, कारण वनस्पती हवेतील कार्बन डायऑक्साइड ओढून घेतात.

निरभ्र आकाशाचे गणित असे बरेचसे बसले आहे, ढगांचे नाही. एकाच पाण्यावर कण अधिक असले तर थेंब बारीक होतात, ढग अधिक पांढरा होतो व पाऊस लांबू शकतो, परंतु किती, हे प्रतिमाने अजून एकमताने सांगत नाहीत. पुण्याच्या संस्थेची महाबळेश्वर येथील मेघभौतिकी प्रयोगशाळा २०१२ पासून याच कामासाठी आहे. पावसाळ्यात तेथे ढग जमिनीवरच उतरतात व उपकरणांतून थेट जातात.