राष्ट्राच्या संवयी आणि राष्ट्राचें आरोग्य

संपूर्ण समाजाच्या संवयी बदलतां येतात काय? फिनलंडमधील उत्तर कॅरेलिया प्रांताचा दाखला पाहण्याजोगा आहे. तेथें भाकरीवर लोण्याचा जाड थर, सायीसकट दूध, भरपूर मीठ आणि पुरुषांना धूम्रपान, असा शिरस्ता होता. ऐन उमेदीचे पुरुष हृद्रोगानें दगावत. १९७१ सालीं प्रांतवासीयांनींच सरकारकडे गाऱ्हाणें नेलें आणि १९७२ सालीं डॉ. पेक्का पुस्का यांच्या नेतृत्वाखालीं कार्यास आरंभ झाला. गृहिणींच्या मंडळांनीं लोणी-मीठ कमी व भाजीपाला अधिक, असा स्वयंपाक घरोघर रूढ केला. सुमारें ४० वर्षांत कर्त्या पुरुषांतील हृद्रोगाचे मृत्यु ८० टक्क्यांहून अधिक घटले. औषधोपचारांचा त्यांत वाटा आहेच; परंतु मोठा वाटा पालटलेल्या संवयींचा. एकट्याचा निश्चय लौकर ढळतो. शेजारपाजार सोबतीला असला म्हणजे तोच टिकतो.