कोंदोर्से : बहुमताचे गणित मांडणारे तत्त्वज्ञ

फ्रान्समधील रिबमाँ येथे 1743 मध्ये जन्मलेले मार्की द कोंदोर्से यांनी संभाव्यताशास्त्र, म्हणजे घटना घडण्याच्या शक्यतेचे मोजमाप करणारी गणिताची शाखा, थेट मतदानाला लावून पाहिली. त्यांच्या 1785 च्या ग्रंथानुसार, प्रत्येक मतदार स्वतंत्रपणे विचार करत असेल आणि त्याचा निर्णय बरोबर असण्याची शक्यता निम्म्याहून अधिक असेल, तर मतदार वाढतात तसतसा बहुमताचा कौल अचूकतेच्या जवळ जातो (ती शक्यता निम्म्याहून कमी असल्यास हेच गणित उलटते, याचा मात्र अनेकांना विसर पडतो). त्याहून खोल आहे तो त्यांचा विरोधाभास : तीन मतदारांचे पसंतीक्रम अ-ब-क, ब-क-अ आणि क-अ-ब असे असतील, तर बहुमत ‘अ’ला ‘ब’पेक्षा, ‘ब’ला ‘क’पेक्षा आणि ‘क’ला पुन्हा ‘अ’पेक्षा सरस ठरवते; म्हणजे प्रत्येक व्यक्ती सुसंगत असूनही समूह विसंगत ठरतो. अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांचे 1951 मधील प्रसिद्ध प्रमेय याच प्रश्नाचा व्यापक विस्तार होय.

गुलामगिरीला विरोध करणारे आणि 1790 मध्ये स्त्रियांच्या नागरिकत्वाचा पुरस्कार करणारे कोंदोर्से फ्रेंच राज्यक्रांतीच्या दहशतपर्वात अटकेचा हुकूम निघाल्याने पॅरिसमध्ये लपून राहिले, आणि त्या अवस्थेतही त्यांनी मानवी बुद्धीच्या प्रगतीचा आशावादी आराखडा लिहिला, हे विशेष. मार्च 1794 मध्ये पकडले गेल्यावर ते कोठडीत मृतावस्थेत आढळले; आराखडा 1795 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचे नाव मात्र टिकून आहे : इतर प्रत्येक उमेदवाराला समोरासमोरच्या लढतीत हरवणाऱ्या उमेदवाराला मतदानशास्त्रात आजही ‘कोंदोर्से विजेता’ म्हणतात.