जुना श्रोता आणि नवी ध्वनिमुद्रिका : नाशिकच्या पलुसकरांच्या गायनाच्या संदर्भात एक विवेचन

एखाद्या कलावंताचे गाणे वर्षानुवर्षे ऐकत आलेला श्रोता त्याच्या नव्या ध्वनिमुद्रिकेविषयी जे मत देतो, त्याची वासलात सामान्यतः दोन प्रकारे लावली जाते. कोणी ते जाणकाराचे म्हणून निमूटपणे मान्य करतो. तर कोणी ‘जुने तेवढे सोने’ या वृत्तीचा नमुना म्हणून ते हसण्यावारी नेतो. दोन्ही प्रकारांत त्या मताची घडण तपासली जात नाही. वस्तुतः असे मत म्हणजे एकसंध पदार्थ नसून अनेक घटकांचे मिश्रण होय. हे घटक कसे वेगळे करता येतील, याचा विचार येथे केला आहे.

नाशिकचे उदाहरण या दृष्टीने विशेष बोधप्रद आहे. १९०१ मध्ये लाहोर येथे गांधर्व महाविद्यालयाची स्थापना करणारे पं. विष्णु दिगंबर पलुसकर यांनी आयुष्याच्या उत्तरार्धात नाशिकास रामनाम-आधार आश्रम स्थापिला. १९३१ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांचे पुत्र दत्तात्रेय, म्हणजेच बापूराव, अवघे दहा वर्षांचे होते. पुढे पं. विनायकराव पटवर्धन व पं. नारायणराव व्यास या पितृशिष्यांकडून त्यांना विद्या मिळाली. त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका १९४४ ची. २६ ऑक्टोबर १९५५ रोजी, वयाच्या चौतिसाव्या वर्षी ते निवर्तले. म्हणजे मुद्रणाचा काळ जेमतेम अकरा वर्षांचा. ज्यांनी त्यांना समक्ष ऐकले नाही, त्यांच्यापुरते पलुसकरांचे गाणे म्हणजे मागे राहिलेली मुद्रणेच होत. त्या मुद्रणांविषयीचा निवाडा चुकला, तर तो दुरुस्त करण्यास दुसरे साधन नाही.

त्या काळची तबकडी मिनिटास ७८ फेरे घेई. दहा इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन ते सव्वातीन मिनिटांचे गायन मावत असे. मैफलीत तास-पाऊण तास फुलणारा ख्याल या अवकाशात बसविणे म्हणजे त्याची रचनाच बदलणे होते. विलंबित बढतीस जागा उरत नसे. आलापाच्या दोन-चार वाक्यांतच रागाची ओळख पटवावी लागे; बंदिशीचे मुखडे लवकर येत, ताना आखूड पण नेमक्या घ्याव्या लागत. पलुसकरांच्या गाण्यातील स्वरांचा स्वच्छ लगाव, शब्दांचे स्पष्ट उच्चारण आणि मोजका विस्तार हे गुण या चौकटीस मानवले. तुलसीदास व मीराबाई यांची भजने तर तीन मिनिटांत पूर्णत्वास जात.

दीर्घ वाजणारी तबकडी अमेरिकेत १९४८ मध्ये निघाली. परंतु भारतात ती रुळण्यापूर्वीच बापूराव गेले. त्यांच्या दीर्घ गायनाची मुद्रणे लोकांसमोर आली ती मागाहून. येथेच जुन्या श्रोत्याची परीक्षा होते. आखूड तबकडीवर ज्याचा कान घडला, त्याला तोच राग विस्ताराने ऐकताना गाणे रेंगाळल्यासारखे वाटण्याचा संभव असतो. उलटपक्षी, ज्याने मैफल ऐकली असेल, त्याला तबकडीच अपुरी वाटेल. दोघेही आपापल्या अनुभवाशी प्रामाणिक असतात. तथापि दोघेही गायकाविषयी बोलत आहोत असे समजून माध्यमाविषयीच बोलत असतात.

दुसरा घटक यांत्रिक आहे. तबकडीचा वेग वाढला की लय आणि स्वर दोन्ही चढतात. ७८ ऐवजी ८० फेऱ्यांनी वाजविल्यास स्वर अर्धस्वराच्या निम्म्याहून किंचित कमी इतका वर जातो. किल्लीच्या यंत्राचा वेग नेहमी काटेकोर असेच, असे नाही. म्हणून नव्या आवृत्तीत आवाज ‘जड’ झाला, अशी तक्रार श्रोत्याने केल्यास ती कल्पित ठरवू नये. फरक खरा असू शकतो. मात्र मूळ आवाज कोणता, हे त्यावरून सिद्ध होत नाही.

तिसरा घटक स्मृतीचा. प्रथम श्रवणाचे वय, घर व सोबत ही सर्व त्या गाण्याला चिकटून राहतात. नव्या मुद्रिकेपाशी ही सामग्री नसते. त्यामुळे तुलना आरंभापासूनच असमान असते.

हा व्यवहार केवळ अभिजात संगीतापुरता नाही. मोठ्या कंपन्यांबाहेर स्वतःच्या बळावर तबकड्या काढणाऱ्या स्वतंत्र रॉक संगीताच्या चाहत्यांतही तो आढळतो. मँचेस्टरच्या ‘बझकॉक्स’ या बँडने १९७७ मध्ये चार गीतांची तबकडी स्वतःच प्रसिद्ध केली. अशा मुद्रणांतील खडबडीतपणा मुख्यतः तुटपुंज्या पैशाचा परिणाम होता. चाहत्यांच्या कानी तो सच्चेपणाची खूण ठरला, आणि पुढील अल्बम सुबक निघाला की कलावंत बिघडला असे म्हटले जाऊ लागले. नाशिकच्या द्राक्षमळ्यांत २००८ पासून सुरू झालेल्या सुलाफेस्टमुळे या जातीचे संगीत या शहरालाही परके राहिले नाही. साधनाची मर्यादा ही शैली म्हणून कानात मुरते, हा नियम तीन मिनिटांच्या ख्यालास जसा लागू आहे तसाच येथेही.

मग अशा श्रोत्याच्या मताचे मोल काय? माध्यमाचा व स्मृतीचा भाग वजा केल्यावर जे उरते, ते इतरत्र दुर्मीळ असते. रागातील अमुक स्वर पूर्वी कसा लागत असे, मुखड्याची जागा कोठे बदलली, शब्द कोठे तुटला, ही निरीक्षणे तपासून पाहण्याजोगी असतात, आणि ती दीर्घ परिचयावाचून होत नाहीत. यास्तव जुन्या श्रोत्यास ‘आवडले काय’ असे विचारून थांबू नये. ‘कोठे बदलले’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्याच्याविषयी सांगते, दुसऱ्याचे गाण्याविषयी. पलुसकरांना समक्ष ऐकलेली पिढी आता सरत आली आहे. दुसरा प्रश्न विचारण्याचा अवकाश त्यामुळे फार थोडा उरला आहे.