ग्लोव्हची घडी

आसेगावच्या पोरांना सॉफ्टबॉल शिकवायचा म्हणजे आधी क्रिकेट विसरायला लावायचं. क्रिकेटमध्ये यष्टिरक्षक सोडला तर सगळे उघड्या हातांनी झेलतात. इथे क्षेत्ररक्षण करणाऱ्या नऊच्या नऊ जणांच्या हातात चामडं, तेही फेकायच्या हातात नव्हे, दुसऱ्या.

कोरा ग्लोव्ह पुठ्ठ्यासारखा कडक असतो. मिटायला जावं तर मिटत नाही, आणि चेंडू आपटून बाहेर येतो. सॉफ्टबॉलचा घेर 12 इंचांचा; नावात ‘सॉफ्ट’ असलं तरी तळव्यावर बसला की पोरगं हात झटकत बसतं. म्हणून चेंडू तळव्यावर नाही, अंगठा आणि तर्जनी यांच्या मधल्या जाळीखाली घ्यायचा. त्या जागेला पॉकेट म्हणतात. ही वाद्यांनी विणलेली जाळी आणि तिच्याखालची खोल जागा रूढ झाली ती सेंट लुईसचा बेसबॉल गोलंदाज बिल डोक याच्या कल्पनेमुळे, 1920 च्या सुमारास. त्याआधीचे ग्लोव्हज म्हणजे नुसती हाताची गादी.

ग्लोव्ह घडवणं म्हणजे हे पॉकेट तयार करणं आणि घडी योग्य जागी पाडणं. घडी अंगठ्याच्या आणि करंगळीच्या बुडाशी पडली पाहिजे. ती मधल्या बोटाखाली पडली, की ग्लोव्ह वहीसारखा मिटतो आणि पॉकेट संपलं. शाळेच्या किटबॅगेत नेमकं हेच होतं. वर बॅटा, खाली ग्लोव्हज. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर चेन उघडावी तर सगळे चपटे.

असा ग्लोव्ह परत वळणावर आणता येतो. वाद्या जरा सैल करायच्या. घडीची जागा कोमट पाण्याच्या फडक्याने ओलसर करून दोन्ही बुडं हाताने चुरायची, उलटसुलट वाकवायची. मग लाकडी मोगरीने पॉकेटवर ठोकायचं, घाई न करता. शेवटी आत चेंडू ठेवून सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळायची आणि सावलीत ठेवून द्यायचं. वऱ्हाडातल्या मे महिन्याच्या उन्हात चामडं वाळून तडकतं, तेव्हा गच्चीवर नाहीच.

तेलावरून दर हंगामात वाद होतो. क्रिकेटच्या बॅटला जवसाचं तेल लावतात हे इथल्या पोरांना ठाऊक असतं, आणि जवस तर आमच्या घरोघरी. पण हे तेल हवेत वाळून कडक होतं. लाकडाला ते मानवतं, चामड्याला नाही. मेंढीच्या लोकरीतून निघणारं लॅनोलिन बोटाच्या टोकावर येईल एवढं पुरे. जास्त झालं की ग्लोव्ह जड आणि लिबलिबीत. स्वस्तातला रेक्झिनचा असेल तर तेल वरच राहतं, आत मुरत नाही. त्यावर मी मेहनत घालत नाही.

पण खरं वळण झेलण्यानेच येतं, आणि ते एकाच हाताने. आज एकीने, उद्या दुसरीने घातला तर ग्लोव्ह कुणाचाच होत नाही. म्हणून हंगामापुरता प्रत्येकीला एकच देतो, आत शाईने नंबर घालून. अडतं ते डावखुऱ्यांपाशी. त्यांना उजव्या हातात घालायचा ग्लोव्ह लागतो, आणि दुसरा कितीही ठोकला तरी तसा होत नाही. यंदाच्या खरेदीच्या यादीत तो मी सगळ्यात वर लिहिलाय, बॅटांच्याही वर.