आरए फॅक्टरच्या रिपोर्टात काय असते, काय नसते

1937 साली ऑस्लोत एरिक वॉलर हे डॉक्टर रक्ताची एक नेहमीची तपासणी करत होते. तीत मेंढीच्या तांबड्या पेशी फुटणे अपेक्षित असे. एका संधिवाताच्या रुग्णाचा रक्तद्रव मिसळल्यावर मात्र त्या फुटण्याऐवजी एकमेकींना चिकटून गोळा झाल्या. वॉलरनी हे निरीक्षण 1940 मध्ये प्रसिद्ध केले, पण युरोप युद्धात होरपळत होता. 1948 मध्ये न्यूयॉर्कच्या हॅरी रोझ आणि सहकाऱ्यांना स्वतंत्रपणे तेच आढळले. 1956 मध्ये सिंगर आणि प्लॉट्झ यांनी पेशींच्या जागी लॅटेक्सचे सूक्ष्म कण वापरले, तपासणी सोपी झाली आणि पुढे गावोगावच्या लॅबमध्ये पोचली. आपल्याकडे तिला सगळे ‘आरए फॅक्टर’ म्हणतात.

हा फॅक्टर म्हणजे शरीराने स्वतःच्याच अँटिबॉडींविरुद्ध बनवलेली अँटिबॉडी. ती फक्त ऱ्हुमॅटॉइड संधिवातातच दिसते असे नाही. हिपॅटायटिस सी, क्षय, कुष्ठरोग, हृदयाच्या झडपांचा संसर्ग अशा रेंगाळणाऱ्या आजारांतही ती वाढते. नुसत्या वाढत्या वयातही. निरोगी माणसांपैकी साधारण पाच टक्क्यांत ती सापडते.

या पाच टक्क्यांचा अर्थ नीट लक्षात घ्यायला हवा. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणमध्ये 1996 साली घरोघरी जाऊन सांधेदुखीची मोठी पाहणी झाली. तीत ऱ्हुमॅटॉइड संधिवात सुमारे अर्धा टक्का प्रौढांत आढळला. ढोबळ हिशेब करू. सरसकट हजार माणसांचे रक्त तपासले, तर खरे रुग्ण पाच आणि त्यांतले पॉझिटिव्ह येणार तीन-चार. निरोगी असून पॉझिटिव्ह येणारे मात्र पन्नासच्या आसपास! म्हणून सांधे सुजलेले नसताना हेल्थ पॅकेजमध्ये आरए फॅक्टर घालणे मला चुकीचेच वाटते. त्यातून निदान होत नाही, माणसे घाबरतात.

ऱ्हुमॅटॉइड संधिवातात दिसणाऱ्या दुसऱ्या एका अँटिबॉडीची गोष्ट नेदरलँड्समधली. 1964 मध्ये निनहाउस आणि मांडेमा यांना रुग्णांच्या रक्तात गालाच्या आतल्या पेशींना चिकटणारी एक अँटिबॉडी दिसली. ती या आजारासाठी नेमकी होती, पण तपासणीला लागणाऱ्या पेशी ठरावीक लोकांच्याच गालातून मिळत, त्यामुळे ती रोजच्या वापरात रुळली नाही. ती नेमकी कशाला चिकटते, हे कोडे 1998 मध्ये नाइमेखेनच्या संशोधकांनी सोडवले. प्रथिनांमधल्या आर्जिनिनचे एका एन्झाइममुळे सिट्रुलिन होते आणि काही माणसांचे शरीर या बदललेल्या प्रथिनांनाच परके समजू लागते. विशिष्ट जनुकीय ठेवण असलेल्यांत धूम्रपानाने हा धोका वाढतो, असे पुढे स्वीडनमध्ये दिसले. प्रयोगशाळेत बनवलेला सिट्रुलिनयुक्त पेप्टाइड वापरून आजची अँटी-सीसीपी तपासणी तयार झाली.

2007 मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले गेले. दोन्ही तपासण्या रुग्णांपैकी सुमारे दोन तृतीयांश लोकांनाच पकडतात. फरक आहे तो नेमकेपणात: हा आजार नसलेल्यांत आरए फॅक्टर सुमारे 85 टक्के वेळा, तर अँटी-सीसीपी सुमारे 95 टक्के वेळा निगेटिव्ह येते. क्षयाच्या काही रुग्णांत तीही फसवते, हे आपल्या देशात विसरून चालणार नाही.

डच रक्तदात्यांच्या साठवलेल्या नमुन्यांवरचा 2004 चा अभ्यास मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पुढे आजारी पडलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांच्या रक्तात लक्षणांच्या कित्येक वर्षे आधीच यांपैकी एखादी अँटिबॉडी होती. म्हणजे सांधा सुजण्याच्या खूप आधी आजाराची सुरुवात झालेली असू शकते. सांधे सुजलेले असताना अँटी-सीसीपी जोरात पॉझिटिव्ह असेल, तर हाडे झिजण्याचा धोका अधिक असतो आणि उपचार लांबवणे महागात पडते.

हा आजार ठरवण्यासाठी 2010 पासून वापरात असलेल्या निकषांत दहापैकी सहा गुण लागतात. अँटिबॉडींना जास्तीत जास्त तीन, सांध्यांना पाच. उरलेले दोन ईएसआर-सीआरपी या दाह मोजणाऱ्या रक्ततपासण्या आणि सहा आठवड्यांचा कालावधी यांचे. तेव्हा नुसत्या रिपोर्टावर निदान होत नाही. सुजलेले सांधे हातांनी तपासावेच लागतात. चिकुनगुन्यानंतरही बोटे महिनोन्‌महिने सुजतात, म्हणून तापाचा इतिहास डॉक्टरांना आवर्जून सांगावा.

बोटांचे किंवा मनगटाचे सांधे सुजले असतील, सकाळी तासभर मूठ वळत नसेल आणि हे सहा आठवडे चालले असेल, तर आरए फॅक्टर निगेटिव्ह आला तरी ऱ्हुमॅटॉलॉजिस्टना दाखवा. दोन्ही तपासण्या निगेटिव्ह असूनही हा आजार असू शकतो, आणि त्यावरचे औषध जितके लवकर सुरू होईल तितके सांधे वाचतात.